धुऱ्यावरचे साहेब

आमचे साहेब मोजणीच्या शेतात पोहोचले की छत्री उघडून थेट धुऱ्यावर बसत. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. दहा पावलांवर कडुलिंबाची दाट सावली असली तरी तिकडे बघत नसत, कारण ते झाड कुणातरी एकाच्या शेतात असायचं. पाण्याची निळी कॅन ते घरून भरून आणत. एप्रिलच्या उन्हात तिच्यातलं पाणी दुपारपर्यंत आंघोळीला चालेल इतकं तापायचं, पण शेतकऱ्यानं पुढे केलेला माठातला गार तांब्या ते हात जोडून परत करत. म्हणत, "आधी दोघायच्या सह्या होऊ द्या. मंग दोघायच्या घरचं पितो." आणि सह्या झाल्या की खरोखरच दोन्ही घरी जाऊन पीत. पाणीही, चहाही. चहा दोन्हीकडे बशीतून, सारखाच आवाज करत.

मी त्या तालुक्याच्या मोजणी कार्यालयात भूकरमापक होते. जमीन मोजायची, हद्दी दाखवायच्या, खुणांचे दगड बसवून घ्यायचे आणि नकाशा करून अर्जदाराला द्यायचा, हे माझं काम. साहेब कार्यालयाचे प्रमुख. प्रमुखानं रोज शेतात यावं अशी काही अपेक्षा नसते. हे मात्र आठवड्यातून तीन-चार दिवस यायचे, आणि त्यांना कुठलीच गाडी चालवता येत नव्हती. म्हणून माझ्या स्कूटीवर मागे बसायचे. पायाशी यंत्राची पेटी, हँडलवर मी, मागे साहेब, त्यांच्या एका हातात कॅन आणि दुसऱ्या हातात छत्री. आम्ही गावात शिरलो की पारावरची माणसं बोलायची थांबत. शिरड शहापूरच्या अलीकडे एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं होतं, "मॅडमसंगं आलेले शिपाई का तुमी?"

"हो," साहेब म्हणाले, "मॅडम मोजतात, मी काठी धरतो."

दिवसभर त्यांनी खरंच काठी धरली. संध्याकाळी नकाशावर साहेबांची सही पाहून म्हातारा ओशाळला, तर त्याला म्हणाले, "काहून लाजता बाबा, चांगली धरली ना?"

ते वाशिमकडचे. बुटके, अंगानं सुटलेले, शर्टाच्या खिशात एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. शनिवारी दुपारी घरी जायला निघाले की हिंगोलीच्या स्टँडवर अर्धा तास आधी जाऊन बसत आणि शेजारच्या माणसाला त्याच्या शेताचा गट नंबर विचारत. गट नंबर सांगितला की तो भाग कुठं येतो, ओढा कोणत्या अंगाला आहे, हे तेच त्याला सांगत. माणूस आधी चकित व्हायचा, मग सावध, मग जागा बदलून बसायचा.

सुरुवातीला माझं त्यांच्याशी जमलं नाही. माझा हात जलद होता. उपग्रहावरून बिंदू घेणारं नवं यंत्र मी सगळ्यांच्या आधी शिकले होते आणि दिवसाला तीन मोजण्या उरकायचे. साहेब आले की एक व्हायची, फार तर दीड. यंत्र आधी पेटीतच ठेवायला लावायचे. दोन्ही बाजूंच्या माणसांना चुन्याची पाटी देऊन सांगत, "तुमच्या मतानं हद्द कुठी हाये, तिथी रेघ ओढा." दोन रेघा ओढल्या जायच्या. मग साहेब एका रेघेवरून दुसरीवर पावलं टाकत जात आणि मोठ्यानं मोजत. "सहा पावलं. भांडण एवढंच हाये. बाकीचं सगळं शेत बिनभांडणाचं हाये, हे दिसून राहिलं का?" काहीजण हसायचे. काहीजण म्हणायचे, साहेब, सहा पावलांसाठीच तर अर्ज केला. मी घड्याळ बघत उभी असायचे.

दुसरी अट बायकांची. नोटीस सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना जाते, आणि नावं बहुतेक पुरुषांचीच. साहेब गावात पोहोचले की दोन्ही घरच्या बायकांना निरोप धाडत. माणसांना ते आवडत नसे. "त्यांचं काय काम हितं?" असं कुणी म्हटलं की साहेब विचारत, "गवत कापाले या धुऱ्यावर रोज कोण येते? तू का ती?"

आणि तिसरा प्रकार शुक्रवारचा. शुक्रवारी साहेब नवी मोजणी लावतच नसत. वर्षभरापूर्वी, दोन वर्षांपूर्वी आम्ही जिथं दगड बसवून दिले होते तिथं जाऊन ते दगड जागेवर आहेत का, हे बघत फिरायचं. दगड असला तर त्याला हात लावायचे, जरा हलवून बघायचे. नसला तर तिथं उकिडवे बसून राहायचे. मग वहीत लाल पेन्सिलनं गट नंबर लिहायचे. फिरतीच्या दैनंदिनीत त्यांची नोंद असायची, 'दगड पाहिले.' वरच्या कार्यालयातून एकदा पत्र आलं, 'दगड पाहणे हे काम कोणत्या उद्दिष्टात बसते याचा खुलासा करावा.' साहेबांनी खुलासा केला, 'मोजणी करण्याच्या.' पुन्हा पत्र आलं.

मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलं होतं. आम्ही कनेरगाव नाक्यावर चहाला थांबलो होतो. "साहेब, आपलं काम अचूक मोजून देणं. पुढं दगड राखायचा की उपटायचा, हा त्यांचा प्रश्न."

ते बशीत फुंकर घालत म्हणाले, "मॅडम, तुमची मोजणी चुकत नाही. मी तुमचे सगळे नकाशे पाह्यले."

"मग?"

"मंग तेच गट नंबर फिरून फिरून आपल्याकडं काहून येऊन राहिले?"

मी चहा अर्धा टाकून स्कूटी चालू केली. प्रश्न बरोबर होता म्हणून जास्त राग आला.

त्या फिरून येणाऱ्यांतलाच एक गट सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालच्या गावातला. गंगाराम आणि नामदेव, चुलत भाऊ. आजोबांच्या वेळी वाटणी झालेली, मध्ये धुरा. साहेब येण्याआधी ती जमीन मी स्वतः मोजली होती, पोलीस बंदोबस्तात. हद्द नामदेवच्या बाजूनं निघाली. कोपऱ्यावर दगड बसवला, नकाशा दिला, प्रकरण निकाली. पुढच्या पेरणीला दगड गायब. नामदेवनं पुन्हा अर्ज केला, पुन्हा मोजणी, पुन्हा दगड, पुन्हा गायब. त्यानंतर एका सकाळी गंगारामच्या थोरल्यानं नामदेवच्या मुलाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. टाके पडले, केस झाली, थोरला पंधरा दिवस आत राहून जामिनावर आला. नामदेवचा तिसरा अर्ज आला तेव्हा मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "इथं बंदोबस्त जास्तीचा मागवावा लागेल."

साहेब म्हणाले, "बंदोबस्ताचं पत्र लिहा. पण पोलिसाले म्हणा, रस्त्यावर थांब. शेतात नको."

आम्ही सकाळी पोहोचलो. साहेब धुऱ्यावर बसले. या वेळी चुन्याची पाटी काढलीच नाही. दोन्ही घरच्या बायका येईपर्यंत बसून राहिले. नामदेवची म्हातारी आई, त्याची बायको, गंगारामची बायको कमल, सगळ्या पदर डोक्यावर घेऊन दोन टोकांना उभ्या राहिल्या. साहेबांनी विचारलं, "तीन डाव दगड बसवला. तीन डाव गेला. कुठी जाते तो?"

म्हणजे दोन डाव आमचा, आणि त्याआधी एकदा गावकऱ्यांनी बसवलेला. गंगारामनं कालव्याकडे तोंड फिरवलं.

मग कमल पुढे आली. "साहेब, दगड कुनी उपटला ते म्या सांगत न्हाई. पन काहून उपटला ते सांगते."

"सांग बाई."

"तितं दगड बसला की आमची गाडी वळत न्हाई."

"गप बस," गंगाराम म्हणाला.

"काहून गप बसू? पोरगं जेलात जाऊन आलं." ती साहेबांकडे वळली. "आमाला रस्त्याला निघायला त्यो एकच कोपरा हाय. दगडाच्या आतून वळवावं तर चाक कालव्याच्या चारीत जातंय. सोयाबीन काढलं की डोक्यावर पोती वाहून रस्त्याला न्यावी लागत्यात. माजी मान बघा."

मी दोनदा तिथं उभी राहिले होते. कोपऱ्यावरच्या बिंदूचे अक्षांश-रेखांश मला तोंडपाठ होते. शेजारच्या चारीकडे मी पाहिलंही असेल. पण गाडी कुठून वळते, हे विचारायचा रकाना आमच्या अर्जात नाही आणि मला तो सुचलाही नव्हता.

साहेब उठले. "ट्रॅक्टर हाये का?"

"हाय."

"ट्रॉली लावून आण."

मी यंत्र लावून बिंदू दाखवला. साहेबांनी स्वतः तिथं एक धोंडा उचलून ठेवला. गंगारामनं ट्रॅक्टर आणला आणि वळवायला लागला. पहिल्यांदा ट्रॉलीचं चाक धोंड्याला अडलं. मागे घेऊन पुन्हा वळवलं तर दुसरं चाक चारीत उतरलं आणि ट्रॉली तिरपी झाली. नामदेवची आई "अगं बाई" म्हणत पुढे धावली. चौघांनी मिळून ट्रॉली बाहेर काढली. त्या चौघांत नामदेवचा मुलगाही होता. कपाळावरची टाक्यांची खूण मला स्पष्ट दिसत होती.

नामदेव कमरेवर हात ठेवून सगळं बघत होता. तो गंगारामला म्हणाला, "हे मला काहून न्हाई सांगितलंस?"

"तू बोलून राहिला होतास काय माज्यासंगं? सहा वर्सं झाली."

"तू बोलला होतास?"

"न्हाई."

साहेब धुऱ्यावर जाऊन बसले. मी घड्याळात दोन वाजलेले, तीन वाजलेले बघत होते; त्या दिवशी आणखी एक मोजणी लावलेली होती आणि तिकडचा माणूस मला फोनवर फोन करत होता.

शेवटी नामदेव साहेबांजवळ येऊन बसला. "साहेब, जागा माजी हाय. बराबर?"

"बराबर. मशीन तुह्याच बाजूनं हाये."

"मंग म्या काहून सोडावी?"

"सोडू नको. मी सोड म्हणलोच नाही."

नामदेव बराच वेळ ढेकळं फोडत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "सहा वर्सं ह्यानं गावभर सांगितलं, नाम्यानं मोजनीवाल्यायला खाऊ घालून रेघ सरकवली. आज पाच मानसांसमोर म्हनू द्या त्याला, जागा नामदेवची हाय. येवढं म्हनू द्या. मंग बघू."

सगळे गंगारामकडे बघायला लागले. तो ट्रॅक्टरवरच बसलेला होता. मी माणसाला एक वाक्य बोलायला इतका वेळ लागलेला त्याआधी पाहिला नव्हता. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, चप्पल काढली, आणि नामदेवकडे न बघता म्हातारीकडे बघून म्हणाला, "काकू, जागा नामदेवची हाय. मोजनी खरी हाय."

म्हातारी रडायला लागली. नामदेव उठला, साहेबांनी ठेवलेल्या धोंड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ने गाडी इथून. दगड बसू दे माज्या हद्दीवर, जरा बुटका बसवा. चाक जाऊ दे वरून."

माझ्या मते काम झालं होतं. मी यंत्र पेटीत ठेवायला घेतलं. साहेब म्हणाले, "आज म्हणून राहिला. उद्या याचं पोरगं म्हणन, कुठी लिवलं?" गाडीवाट देण्याचा अधिकार आमचा नव्हता, तहसीलदारांचा होता. साहेब दोघांना तेव्हाच तहसीलला न्यायला निघाले. त्याच ट्रॉलीत दोन्ही घरं बसली, बायकांसकट. मध्ये साहेब छत्री उघडून उभे, मागून माझी स्कूटी, आणि त्याच्याही मागे रस्त्यावर थांबून थांबून कंटाळलेला पोलीस. तहसीलमध्ये साहेबांनी खुर्च्या मागवल्या, दोघांचा जबाब स्वतः शेजारी बसून लिहून घ्यायला लावला. महिन्याभरानं वाटेचा आदेश निघाला. कुऱ्हाडीची केस पुढे तडजोडीनं मिटली.

हे सगळं मी आज सांगते आहे तसं तेव्हा मला वाटत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात ती राहिलेली दुसरी मोजणी होती. तो माणूस त्याच शनिवारी कार्यालयात आला. पन्नाशीचा, शेळ्या-मेंढ्या राखणारा, थोडी कोरडवाहू जमीन. त्याला घर बांधायचं होतं आणि हद्द ठरल्याशिवाय पाया खणता येत नव्हता. पावसाळा जवळ आलेला. तो साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून ओरडला, "तुमी लोकायचे जुने दगड बघत हिंडा! माजी बाई लेकरं घिऊन पालात बसलीय. माज्या शेताला भांडन न्हाई म्हनून मला टाइम न्हाई व्हय?"

खुलासा त्यांना चांगला लिहिता येत असे, पण त्या माणसापुढे ते मान खाली घालून ऐकत राहिले. माणूस गेल्यावर मला म्हणाले, "खरं बोलला तो." दुसऱ्या दिवशी रविवार होता. साहेब वाशिमला गेले नाहीत. सकाळी सातला माझ्या दारात उभे, म्हणाले, "मॅडम, तुम्ही सुटीवर. फक्त मशीन द्या अन् कोणाची तरी गाडी पाहून द्या." मी चिडचिड करत स्वतःच निघाले. दहापर्यंत मोजणी झाली. मेंढपाळाच्या बायकोनं दुधाचा चहा दिला; भांडणच नसल्यामुळे साहेबांनी तो सह्यांच्या आधीच पिऊन टाकला.

तेव्हापासून साहेबांनी दोन गोष्टी बदलल्या. बिनवादाच्या मोजण्यांची वेगळी यादी केली आणि ती माझ्याकडे पूर्ण सोपवली. त्यात ते येत नसत, छत्रीही नाही, चुनाही नाही. आणि शुक्रवारची फिरती रविवारवर नेली. दैनंदिनीत ती नोंदवायचं बंद केलं. मी विचारलं, "आता सुटीच्या दिवशी कशाला?" तर म्हणाले, "शुक्रवार त्या माणसायचा होता. तो मी वापरून राहिलो होतो."

तरी आमचा निकालाचा आकडा आसपासच्या तालुक्यांपेक्षा मागेच राहिला. साहेबांनी मासिक अहवालाच्या तक्त्यात निळ्या पेन्सिलनं एक जादा रकाना आखला होता, 'वर्षानंतर वाद आहे का?' वरून तक्ता परत आला, नमुन्यात बदल करू नये म्हणून. त्यांनी रकाना खोडला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आखला. असं काही महिने चाललं. मग बदलीचा आदेश आला. दूरच्या जिल्ह्यात, नकाशांच्या छपाईच्या विभागात, जिथं शेतात जायचा प्रश्नच नव्हता. निरोपाला आम्ही सामोसे आणले. भाषण करायचा आग्रह झाला तेव्हा ते म्हणाले, "मले काय येत नाही." आणि सामोसा खाल्ला.

नवे साहेब तरुण, नीटनेटके, कामाला वाघ. मी पुन्हा दिवसाला तीन मोजण्या करू लागले. वर्षअखेरीस आमच्या कार्यालयाचा विभागात गौरव झाला, आणि सर्वाधिक निकालाबद्दल मला प्रमाणपत्र मिळालं. ते मी घरी लावलं, लावायला आवडलंही. पुढच्या उन्हाळ्यात नवीन अर्ज चाळताना मात्र कितीतरी गट नंबर ओळखीचे वाटायला लागले. मी नव्या साहेबांना म्हटलं, "सर, अर्ज वाढतायत." ते खूश होऊन म्हणाले, "म्हणजे लोकांचा विश्वास वाढतोय."

मी त्या अर्जांतून सिद्धेश्वरकडचा गंगाराम-नामदेवचा गट शोधला. तो नव्हता. त्याऐवजी पंधरा दिवसांनी कार्यालयाच्या पत्त्यावर माझ्या नावानं लग्नाची पत्रिका आली. गंगारामच्या मुलीचं लग्न. निमंत्रकांत नामदेवचं नाव पहिलं, कारण वयानं तो थोरला होता.

मी गेले. मांडवात साहेब आधीच येऊन बसलेले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. रात्रभर प्रवास करून आले होते. आता निवृत्तीला चार महिने राहिले, म्हणाले. नामदेव पंगतीत बुंदी वाढत होता. त्यानं साहेबांच्या पत्रावळीत नको नको म्हणत असताना दोनदा बुंदी टाकली. मंगलाष्टकांनंतर माईकवरून साहेबांचं नाव पुकारलं. मला वाटलं, हे आता उठून पळणार. सह्या होईपर्यंत कुणाच्या तांब्यालाही हात न लावणारा माणूस. पण साहेब लगेच उठले, भराभर स्टेजवर चढले, कमलनं आणि नामदेवच्या बायकोनं मिळून दिलेली शाल आणि नारळ दोन्ही हातांनी घेतला, आणि फोटोवाल्यासमोर इतके ताठ उभे राहिले की मला हसू आवरेना. फोटो नीट आला का, हे त्यांनी स्टेजवरूनच त्याला विचारलं. मग अजून एक काढायला लावला.

दुपारी मी त्यांना हिंगोलीच्या स्टँडवर सोडलं. वाशिमची गाडी लागलेली होती. ते खिडकीशी बसले आणि बाहेर वाकून मला म्हणाले, "मॅडम, तो फोटो मले पाठवा. घरी दाखवाचा हाये."

"पाठवते, साहेब."

"तीस वर्सं नोकरी झाली," ते म्हणाले. "हे पह्यली शाल."

गाडी सुटली. मे महिन्याचं ऊन होतं, खिडकीतून झळा आत जात होत्या. ते शाल अंगाभोवती घट्ट गुंडाळून बसले होते.